नमुना आमचा, नोंदही आमची हवी

भातकापणीच्या दिवसांत तिन्हीसांजेनंतर रुग्णालयाच्या दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून एकदम पाच-सहा माणसं उतरली, की कुणी हाक मारायच्या आधीच मी काचेची नळी हातात घेत असे. तापाच्या पेशंटबरोबर घरातलं एखादं माणूस येतं. पान लागलेल्याबरोबर, म्हणजे साप चावलेल्याबरोबर, अख्खी वाडी येते. काय चावलं असं विचारलं, की बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं: "काळोखात काय दिसूक नाय ओ. गडग्यात हात घातलंय नि कायतरी लागला." गडगा म्हणजे रचलेल्या दगडांचा बांध.

सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. या नोकरीत सगळ्यात जास्त वेळा जीव मुठीत धरून मी जी तपासणी केली, तिला ना यंत्र लागतं ना वीज. हाताच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढायचं, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत सोडायचं, नळी स्टँडमध्ये उभी करायची आणि घड्याळाकडे बघत बसायचं. नळीला हात लावायचा नाही. वीस मिनिटं झाली की एकदाच तिरकी करायची. रक्त साकळून दह्यासारखं बसलं असेल तर ते जागचं हलत नाही. पाण्यासारखं वाहिलं, तर विष अंगात भिनलं आहे. आमच्याकडे याचा अर्थ फुरसं किंवा घोणस. मग सिस्टर एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, बाटल्या काढतात, सलाइन लागतं, आणि सहा तासांनी पुन्हा नवी नळी, पुन्हा वीस मिनिटं.

ही तपासणी कोकणातली नव्हे. डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायजेरियातल्या पेशंटांवरचं आपलं काम १९७७ साली प्रसिद्ध केलं, त्यात ती आहे. तिथले पेशंटही फुरशाच्याच भाऊबंदाने चावलेले होते. दूरच्या त्या गरीब मुलखात कुणीतरी खाटेशेजारी बसून जे लिहून ठेवलं, त्यावर आज आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, गवत कापणारा माणूस वाचतो. संशोधन हा शब्द ऐकला की मला आधी हे आठवतं.

आणि ती नळी काचेचीच का लागते, हे मला नोकरीत पंधराएक वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. रक्तात गोठण्याचे घटक असतात, त्यांना क्रमांक दिलेले आहेत. त्यातला बारावा घटक काचेच्या पृष्ठभागाला टेकला की जागा होतो, कारण काचेवर ऋण विद्युतभार असतो. तिथून एकामागून एक घटक जागे होत जातात आणि शेवटी रक्ताचा गोळा बनतो. प्लास्टिकवर हा घटक तसा जागा होत नाही. त्यामुळे धडधाकट माणसाचं रक्तही प्लास्टिकच्या नळीत वीस मिनिटांनी पातळ राहू शकतं. काचेची नळी साबणाच्या पावडरने धुऊन नीट खळबळली नसेल, तरीही तीच गत. म्हणजे विष हा जीवशास्त्राचा विषय, एएसव्ही कधी सुरू करायचं हा वैद्यकाचा, आणि नळी कशाची हा पदार्थविज्ञानाचा. तिन्ही त्या बोटभर नळीत एकत्र येतात. एक चुकलं की बाकीच्या दोघांचं काही चालत नाही.

एका वर्षी आमच्या पुरवठ्यातून काचेच्या नळ्या बंद झाल्या आणि त्यांच्या जागी झाकणाच्या प्लास्टिक नळ्या आल्या. बाकी तपासण्यांना त्या उत्तम आहेत. फुटत नाहीत, सांडत नाहीत. मी वर लिहून विचारलं, सर्पदंशासाठी काय वापरू? उत्तर आलं नाही. त्या पावसाळ्यात एका मुलाचं रक्त वीस मिनिटांनी पातळ दिसलं. मला शंका आली म्हणून त्याच्या चुलत्याचं रक्त घेऊन तसल्याच दुसऱ्या नळीत ठेवलं, तर तेही पातळ. चुलत्याला काहीच चावलं नव्हतं. शेवटी एका शिक्षकमित्राने शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कोऱ्या काचेच्या नळ्या आणून दिल्या, त्यात दोघांचंही रक्त व्यवस्थित साकळलं. मुलाला एएसव्हीची गरजच नव्हती. ते औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची रिअॅक्शन येऊन माणूस दगावू शकतो, म्हणून ते विनाकारण द्यायचं नसतं. एका काचेच्या नळीला वडापावाएवढेही पैसे पडत नाहीत.

त्या रात्रीनंतर मी दोनशे पानी वही घातली. तारीख, वाडी, वेळ, काय करताना चावलं, साप दिसला का, नळीचा निकाल, किती बाटल्या लागल्या, पेशंट घरी गेला की पुढे पाठवला. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि ती वही कुठल्याही तपासणीला आलेल्या साहेबाने कधी मागितली नाही.

म्हणून मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. निवडणूक आली की कोकणाला एखादं मोठं संशोधन केंद्र देण्याची घोषणा होते. इमारतीला माझा विरोध नाही. पण इमारतीच्या आधी कोकणाला नोंद ठेवणारी माणसं हवी आहेत, पगारी, शिकवून तयार केलेली आणि इथे राहणारी. आणि इथून जो नमुना बाहेर जाईल, रक्ताचा असो, विषाचा असो, झाडाच्या सालीचा असो, त्याचं पुढे काय झालं हे इथे, मराठीत, ज्याचा नमुना नेला त्याच्यापर्यंत परत आलं पाहिजे. या दोन गोष्टींवाचून कोकणावरचं संशोधन कोकणाचं होत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. याचा पुरावा कोकणातच आहे आणि तो सगळ्या जगाने मान्य केलेला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आले. त्या भागात लाल विंचू फार. विंचू चावलेली पोरं सुरुवातीला नुसती घामाने निथळायची, हातपाय गार पडायचे, मग धाप लागायची, तोंडातून गुलाबी फेस यायचा आणि सकाळपर्यंत खेळ खलास. शंभरातले तीस-चाळीस जायचे. पुस्तकात या दंशाबद्दल उपयोगी पडेल असं फारसं नव्हतं. बावस्करांनी काय केलं? ते पेशंटजवळ रात्र रात्र बसले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, दर थोड्या वेळाने काय बदलतं ते लिहीत गेले. त्या लिहिण्यातून कळलं की पेशंट मरतो तो हृदय आणि फुप्फुसांमुळे: विषाने शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. हे निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट' या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केली. ही रक्तदाबाची साधी गोळी, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी. मृत्यूचं प्रमाण शंभरात एक-दोनावर आलं. २०११ साली प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष यांवरची त्यांची रीतसर चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापली, तीही महाडमध्ये झालेली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बावस्करांचं नाव निघालं की आपण म्हणतो, केवढा त्याग, केवढी तळमळ. ते खरंच आहे. पण तेवढ्यावर थांबणं मला पटत नाही. एका माणसाच्या तळमळीवर सोडून द्यावी इतकी ही गोष्ट स्वस्त आहे का? बिरवाडीला त्या वर्षांत दुसरा कुणी डॉक्टर असता, आणि बदलीची वाट बघत त्याने तीन वर्षं काढली असती, तर विंचवाचं औषध आपल्याला कधी कळलं असतं? त्यांच्याकडे आमच्यापेक्षा वेगळं यंत्र नव्हतं. ते पेशंटजवळ थांबले, त्यांनी लिहिलं आणि लिहिलेलं जगापुढे मांडलं. यातलं थांबणं आणि लिहिणं पगार देऊन, शिकवून, पद्धत लावून करून घेता येतं. मांडणं शिकवता येतं.

सर्पदंशाकडे बघा. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत साप चावून सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. हा आकडा कुठून आला? रुग्णालयांच्या रजिस्टरांतून आला नाही, कारण सरकारी नोंदीत मृत्यू याच्या कितीतरी खाली दिसतात. संशोधकांची माणसं घरोघर गेली, घरातलं माणूस कसं गेलं ते विचारून आली, त्या उत्तरांवरून तो काढला. मेलेल्यांची गणती घराच्या पडवीत बसून करावी लागली, कारण आमच्या खात्यात ती नव्हती. २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं आणि राज्यांना सांगितलं की सर्पदंश हा कळवणं सक्तीचं असलेला आजार जाहीर करा. चांगलं झालं. पण काय कळवायचं? "सर्पदंश, एक" एवढंच कळवलं तर दिल्लीत एक आकडा वाढेल, आणखी काही होणार नाही.

कुठला साप, कुठल्या जागी, नळीत रक्त साकळलं का, किती बाटल्यांवर साकळलं, आठव्या दिवशी पेशंट कसा होता, हे लिहिलं तर त्यातून औषध सुधारतं. आपलं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर चालतं. त्यासाठी लागणारं विष बऱ्याच अंशी तमिळनाडूत इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येतं. १९७८ साली सुरू झालेली ही संस्था म्हणजे स्थानिक ज्ञानाला पोटापाण्याशी जोडण्याचं देशातलं उत्तम उदाहरण आहे, आणि तिच्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी गेल्या काही वर्षांत दाखवून दिलंय की एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतात वेगळं असतं, आणि एका भागातल्या विषावर बनवलेलं औषध दुसऱ्या भागात कमी पडू शकतं. मग रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यावरच्या फुरशावर आपलं एएसव्ही किती चालतं? याचं निम्मं उत्तर आमच्या तालुक्यांच्या रुग्णालयांत रोज रात्री पडलेलं असतं. कुणी उचलून घेत नाही एवढंच.

केरळचा किस्सा यासाठी प्रत्येक डॉक्टरला सांगावासा वाटतो. तिथे फुरसं चावलं असं समजून पेशंटांना एएसव्ही दिलं जायचं आणि गुण यायचा नाही. डॉक्टरांनी लोकांनी मारून आणलेले साप नीट तपासले, तेव्हा कळलं की ते फुरसं नव्हतंच. चापड्याच्या कुळातला, नाकाचं टोक वर उचललेला एक छोटा साप होता, आणि त्याच्यावर आपल्या चार सापांचं औषध चालत नाही. हे २००७ साली छापून आलं. तोवर सगळे समजत होते की हा साप फारसा धोक्याचा नाही. हा साप पश्चिम घाटात गोव्याच्या जंगलापर्यंत आढळतो, आणि साप काही तपासणी नाक्यावर थांबत नाही. माझ्या वहीत "फुरसं असावं, एएसव्हीने गुण उशिरा" अशा ज्या ओळी आहेत, त्यातल्या किती खरोखर फुरशाच्या? मला सांगता येत नाही, कारण मी सापाचे फोटो काढले नाहीत. पेशंटच्या खिशात मोबाइल होता, माझ्याही खिशात होता. ही माझी चूक आहे आणि ती सलत राहते.

याच फुरशाच्या विषात एकिस्टाटिन नावाचं एक छोटं प्रथिन असतं. ते रक्तातल्या प्लेटलेटना एकमेकांना चिकटू देत नाही. त्याची रचना समोर ठेवून टिरोफिबान हे औषध घडवलं गेलं, १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि हृदयविकाराच्या झटक्यात ते जगभर वापरलं जातं. आमच्या गडग्यातल्या वीतभर जनावराच्या विषाने परदेशातल्या माणसांची हृदयं वाचतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आमच्या गावात छातीत कळ आली की माणसाला गाडीत घालून गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात न्यावं लागतं, आणि वाटेतली वेळ हीच त्याची खरी परीक्षा असते.

काजूचंही तसंच. काजूच्या टरफलात दाट, काळपट तेल असतं. त्यातून मिळणारं कार्डेनॉल हे फार गुणी रसायन. गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात, रंगात, रेझिनात ते जातं, आणि खनिज तेलाच्या जागी झाडापासून मिळणारा पदार्थ म्हणून जगातल्या प्रयोगशाळांचं त्याच्याकडे लक्ष आहे. आमच्याकडे या तेलाला वेगळी ओळख आहे. काजू फोडणाऱ्या बायांची बोटं बघा. कातडी काळी पडलेली, टोकांना सालपटं निघालेली, कुणाच्या तळव्यावर जुन्या फोडांचे डाग. काजू बिब्ब्याच्याच कुळातला, तेव्हा तेल अंगावर उडालं की उतणारच. एकदा एका बाईचं बोटातून रक्त घ्यायला गेलो तर सुई टोचायला मऊ जागा मिळेना. चारही बोटं फिरवून बघितली आणि शेवटी करंगळीच्या कडेला टोचली. ती म्हणाली, "माजी बोटा मेली हत ओ." त्या बायांच्या हातांवर, श्वासावर वर्षानुवर्षांत काय परिणाम होतो याची नोंद आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्या दप्तरात आहे? ब्रेकच्या अस्तरावर संशोधन होतं ते होऊ दे. त्याच काजूवर काम करणारं संशोधन या बोटांपाशीही थांबलं, तर हातमोजा कसला असावा, तो गरमीत घालवेल का, यावर काहीतरी हाती लागेल. तोही पदार्थविज्ञानाचाच प्रश्न आहे, आणि त्याला फार मोठं यंत्र लागतं असं मला वाटत नाही.

नोंद नसली की नुसतं ज्ञानाचंच नुकसान होतं असं नाही. सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, लाकडाला उग्र वास, गावात त्याला कुणी विचारायचं नाही. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावर चालणारं द्रव्य १९६६ साली एका चिनी झाडातून वेगळं केलं गेलं, आणि १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की आपल्या नरक्यात ते भरपूर आहे. त्या द्रव्यावरून बनलेल्या दोन औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढचं आमच्या घाटातल्या माणसांनी डोळ्यांनी बघितलं: रात्रीत झाडं तोडायची, बुंध्याचे, मुळांचे तुकडे पोत्यात भरायचे आणि किलोच्या भावाने विकायचे. वनखात्याने ट्रकच्या ट्रक पकडले. कुठल्या रानात किती नरक्या होता हे आधी कुणी मोजलेलंच नव्हतं, मग किती गेला हे तरी कसं कळणार? जैवविविधता कायदा २००२ साली झाला. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असावी, गावाची लोक जैवविविधता नोंदवही असावी आणि वापरातून होणाऱ्या लाभात गावाला वाटा मिळावा, असं त्यात आहे. कल्पना अतिशय चांगली. पण ज्या नोंदवह्या मी हाताळल्या, त्यातल्या काही बाहेरून आलेल्या माणसांनी चार दिवसांत भरलेल्या होत्या, शेजारच्या गावची यादी थोडी पुढे-मागे करून. रानात रोज जाणाऱ्या धनगराला त्या वेळी कुणी बोलावलं नव्हतं.

माकडतापाबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण तो आमच्या घरात शिरलेला आजार आहे. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली, मागोमाग माणसं तापाने फणफणली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधला. २०१६ च्या सुरुवातीला तो आमच्या दोडामार्ग तालुक्यात आला, पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला पसरला. गोचडीच्या पिल्लातून तो माणसाला होतो. हे पिल्लू तिळाएवढं, पालापाचोळ्यात असतं आणि कोरड्या महिन्यांत फार. आमचा काजूचा हंगामही नेमका तेव्हाच. पाचोळ्यात वाकून, चाळून बिया गोळा करायच्या, त्यासाठी अनवाणी, हात उघडे. ज्या घरात काजूचे पैसे यायचे त्याच घरात माणूस तापाने, रक्तस्रावाने पडू लागलं.

या रोगाची पहिली खूण माणसात दिसत नाही, माकडात दिसते. मेलेलं वानर सगळ्यांत आधी बघतो तो गुराखी, लाकूडफाटा आणणारी बाई, बागेचा राखणदार. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हाही उंदीर आधी मेले होते. परळला हाफकिन संस्था त्या साथीतूनच उभी राहिली, आणि वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली होती. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी मेलेल्या जनावराची बातमी गावातून प्रयोगशाळेपर्यंत किती तासांत पोचते, यावरच अजून सगळं अवलंबून आहे. साथ आली की दवंडी पिटतात, मेलेलं माकड दिसलं तर कळवा. दोन हंगाम शांत गेले की ज्याला कळवायचं त्याचा नंबरही कुणाच्या लक्षात नसतो.

एका हंगामात बाहेरून एक पथक आलं होतं. मेहनती मुलं होती. पांढरं फ्लॅनेलचं फडकं पाचोळ्यावरून ओढायची आणि त्याला चिकटलेल्या गोचड्या चिमट्याने उचलून कुपीत टाकायची. आमच्याच एका वाडीत त्यांनी लोकांचं रक्तही घेतलं, सही-अंगठे घेतले, बर्फाच्या डब्यातून नमुने घाट चढून गेले. लोकांनी आनंदाने रक्त दिलं. आपल्या गावासाठी काहीतरी होतंय असं त्यांना वाटलं. पुढे काही कळलं नाही. त्या वाडीतल्या एक आजी रुग्णालयात आल्या की दर वेळी मला विचारायच्या, "माज्या रगतात काय गावला?" त्या मला आणि त्या पथकाला एकच समजायच्या, दोघांच्याही हातात सुई होती म्हणून. मी त्यांना काय सांगणार? त्या गेल्या तोवर त्यांना उत्तर मिळालं नव्हतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ज्या लोकांवर संशोधन झालं त्यांच्यापर्यंत निष्कर्ष पोचवावेत, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. मग ग्रामसभेत अर्धा तास मागून घेऊन एका माणसाने मराठीत सांगायला काय अडचण होती? "तुमच्या वाडीत अमुक सापडलं, अमुक सापडलं नाही, अजून अमुक समजायचंय." एवढं तीन वाक्यांत होतं.

यावर माझ्याशी वाद घालणारे घरातच आहेत. माझा पुतण्या पुण्यात संशोधन करतो. तो म्हणतो, "काका, विज्ञानाला गाव नसतं. यंत्रं कोट्यवधींची असतात, ती तालुक्याला ठेवून चालवणार कोण?" त्याचं बरोबर आहे. यंत्रं पुण्यात, बंगळुरूत असू देत. विषाणूची वाढ कडक बंदोबस्तातल्या प्रयोगशाळेतच व्हायला हवी, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती कुणी करू नये. पण त्या यंत्राच्या तोंडात जे घालायचं, ते इथून जातं. चुकीच्या नळीतलं रक्त, नाव न ओळखलेला साप, तारीख न लिहिलेली गोचडी यंत्रात घातली, तर यंत्र कितीही महाग असलं तरी उत्तर खोटंच येणार.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो आणि तो माझ्या सहकाऱ्यांचा आहे. आशाताई, नर्सबाई म्हणतात, "आणखी नोंदी नकोत. आधीच रजिस्टरांचा ढीग, वर मोबाइलमधलं अॅप, आणि डोंगरात रेंज नाही." मी त्यांच्या बाजूचा आहे. त्या ज्या नोंदी ठेवतात त्या सगळ्या वर जातात. वर त्यांची बेरीज होते आणि खाली येतो तो फक्त पुढच्या महिन्याचा फॉर्म. माणूस मन लावून तेव्हा लिहितो, जेव्हा लिहिलेल्याचा त्याला उपयोग दिसतो. म्हणून हे काम आशाताईंच्या डोक्यावर टाकू नका. प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात याच कामाचा एक वेगळा माणूस नेमा. विज्ञानाची पदवी घेऊन आमची मुलं मुंबईला सेल्सच्या नोकरीला जातात, त्यांच्यातलाच घ्या. सापाचा फोटो काढणं, नळी लावणं, आठव्या दिवशी पेशंटच्या घरी जाऊन येणं, मेलेल्या माकडाची बातमी त्याच दिवशी पोचवणं, काजूच्या कारखान्यातले हात वर्षातून दोनदा तपासणं हे त्याचं काम. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता सरकारी मेडिकल कॉलेजं आली आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना प्रबंधाचा विषय शोधायला लांब जायची गरज नाही. या माणसाची वही त्यांच्यापुढे ठेवली तर दहा विषय निघतील, आणि त्यातला एखादा तरी पुन्हा 'लॅन्सेट'पर्यंत जाईल याची मला खात्री आहे.

आणि थांबून काम केलं की काय होतं, ते वेंगुर्ल्याला जाऊन बघावं. तिथल्या फळ संशोधन केंद्रात काजूची झाडं लावायची, ती धरायला लागायची वाट बघायची, कुठल्या झाडाची बी केवढी, किती वर्षं टिकून देते, हे दर हंगामात लिहायचं, असं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. त्यातून १९८१ साली वेंगुर्ला-४ ही काजूची जात आली, १९९७ साली वेंगुर्ला-७. आज आमच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, या दोन नावांशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही. तीन वर्षांच्या प्रकल्पात काजूचं झाड धड फळालाही येत नाही. साथीचा रोग आणि सापाचं विष तीन वर्षांच्या अनुदानात बसेल असं कुणाला का वाटावं?

माझी वही अजून माझ्याकडेच होती. निवृत्तीच्या दिवशी ती कुणाकडे सुपूर्द करायची ते ठरेना, कारण सरकारी यादीत ती नव्हतीच. गेल्या दसऱ्याच्या सुमाराला रुग्णालयात नव्याने आलेल्या डॉक्टर मॅडम घरी आल्या. कुणीतरी त्यांना वहीबद्दल सांगितलं होतं. पडवीत बसून त्यांनी ती पहिल्या पानापासून चाळली, काही पानांवर थांबल्या, आणि "दोन दिवसांसाठी नेऊ का?" असं विचारून घेऊन गेल्या. परत आणून दिली तेव्हा सोबत त्यांची स्वतःची नवी वही होती, माझ्याच रकान्यांची. शेवटी त्यांनी दोन रकाने वाढवून आखले होते: सापाचा फोटो आहे का, आणि आठव्या दिवशी लघवी किती. दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "घोणशीने किडनी जाते ती घरी गेल्यावर कळते. तुमच्या वहीत पेशंट घरी गेला की ओळ संपते." मी माझी वही त्यांनाच दिली. त्यांनी विचारलं, काचेच्या नळ्या कुठून आणायच्या? त्या शिक्षकमित्राचा फोन नंबर मी त्यांना लिहून दिला.